मेहमूदच्या बसमधला उंच प्रवासी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ‘बॉम्बे टू गोवा’ हा तुमचा लाडका सिनेमा. अमिताभ बच्चनच्या विनोदी कामाचा विषय निघाला की तुम्ही सगळ्यात आधी त्याचं नाव घेता आणि मित्र तुम्हाला वेड्यात काढतात. त्यांचं म्हणणं, तो मेहमूदचा सिनेमा, अमिताभ त्यात नुसता उभा आहे. लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून पाहिला म्हणून तो आपल्याला चांगला वाटतो की काय, अशी शंका आता तुम्हालाच येऊ लागली आहे. आणि तसं नसेल, तर मित्रांना त्यातलं नेमकं काय दाखवू, असं तुम्ही विचारलं आहे.

मी संकलक आहे. तीसेक वर्षं हेच काम केलं, त्यातलं निम्म्याहून जास्त विनोदी. त्या भरवशावर सांगतो, तुमचे मित्र बरोबर आहेत. तो मेहमूदचाच सिनेमा आहे आणि अमिताभ त्यात बराच वेळ खरोखरच नुसता उभा आहे. फक्त नुसतं उभं राहणं ही काय चीज असते, ते त्यांना ठाऊक नाही. आणि राग मानू नका, पण ते तुम्हालाही ठाऊक नसावं. कारण ‘बघा, तो किती हसवतो’ असं म्हणत तुम्ही त्याची वकिली करताय आणि तिथेच हरताय. त्या सिनेमात अमिताभ फारसा हसवत नाही. तो हसू देतो.

आधी सिनेमाची मांडणी आठवू या. साल १९७२, दिग्दर्शक एस. रामनाथन. ‘मद्रास टू पाँडिचेरी’ हा १९६६चा तमिळ सिनेमा, त्याचा हा हिंदी अवतार. तमिळमध्ये कंडक्टर होता नागेश, हिंदीत मेहमूद. यावरूनच कळतं की बसचा मालक कुणी का असेना, सिनेमाचा मालक कंडक्टरच. आपल्याकडे २००४ साली ‘नवरा माझा नवसाचा’मध्ये गणपतीपुळ्याची बस निघाली, तेव्हाही अशोक सराफांच्या हातात तिकिटांची पेटी आली आणि प्रेक्षक त्यांचा झाला. बसमध्ये प्रत्येकाशी बोलण्याचा, प्रत्येकावर खेकसण्याचा हक्क एकट्या कंडक्टरला असतो. डबल बेल त्याने द्यायची, थांबवायची त्याने. विनोदी नटाला आणखी काय हवं!

इथे तर मेहमूदने दोन नावांचीच गंमत केली आहे. ड्रायव्हर राजेश, कंडक्टर खन्ना. १९७२मध्ये ही दोन नावं एकापाठोपाठ उच्चारली की थिएटरात काय होत असेल, ते सांगायला नको. ड्रायव्हर झालाय मेहमूदचा भाऊ अन्वर अली. मागे प्रवाशांत ललिता पवार, मुक्री, पूर्ण प्रवासभर पेंगणारा केश्टो मुखर्जी. भजीसाठी जीव टाकणारा तो जाडा मुलगा तर सगळ्यांना आठवतोच, सिनेमाचं नाव विसरलेल्यांनासुद्धा. घरातून पैसे घेऊन पळालेली आणि डोळ्यांदेखत खून पाहिलेली नायिका म्हणजे अरुणा इराणी, खलनायक शत्रुघ्न सिन्हा. एवढ्या सगळ्या कलाकारांच्या गर्दीत एक सहा फूट दोन इंचांचा, काडीसारखा, त्या वेळी कुणाच्याच खिजगणतीत नसलेला नायक.

खिजगणतीत नसलेला म्हणजे अगदीच अनोळखी नव्हे. आदल्याच वर्षी ‘आनंद’ येऊन गेला होता आणि त्यातल्या डॉक्टरसाठी त्याला सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअरही मिळालं होतं. पण नायक म्हणून चालेल की नाही, यावर कुणी पैसे लावायला तयार नव्हतं. मेहमूद लावायला तयार झाला, त्यामागे घरचा धागा होता. १९६९च्या ‘सात हिंदुस्तानी’मध्ये अमिताभ आणि अन्वर अली बरोबर होते, दोस्ती तिथली. त्या पडत्या काळात अमिताभ काही दिवस मेहमूदच्या घरीच राहत होता. म्हणजे पडद्यावर बस चालवणारा माणूस हा त्याचा खरा मित्र आहे. हे माहीत असलं की बसमधल्या त्याच्या मोकळेपणाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

आता माझ्या धंद्यातलं थोडं. विनोदी दृश्य कापताना नवा सहायक हमखास एक चूक करतो. जो बोलतोय त्याच्यावर तो शॉट ठेवतो. वाक्य पडलं की समोरच्यावर जातो, समोरचा बोलला की परत. टेनिसच्या सामन्यासारखं. आणि मग दृश्य सपाट का झालं म्हणून डोकं खाजवत बसतो. हशा वाक्यावर येत नाही, वाक्य ज्याच्या अंगावर पडलं त्याच्या चेहऱ्यावर येतो. तमाशातल्या वगात सोंगाड्या कितीही तिखट असो, समोर राजा गंभीर बसलेला नसेल तर त्याचा एकही शब्द उडत नाही. राजा हसला की खेळ संपला.

म्हणून रशेस, म्हणजे चित्रित झालेलं सगळं कच्चं फुटेज, बघताना आम्ही शोधतो ते न बोलणाऱ्याचे तुकडे. आणि तिथे बहुतेक नट दगा देतात. स्वतःला वाक्य नसलं की त्यांना चैन पडत नाही. भुवया उडवतील, मान हलवतील, ‘मला कळलं बरं का’ असं डोळ्यांनी प्रेक्षकाला सांगतील. असा तुकडा कात्रीला कामाचा नसतो. त्यावर कापलं की हशा अर्धा इकडे, अर्धा तिकडे सांडतो. याच्या उलट जो माणूस फक्त ऐकतो, खरंच ऐकतो, त्याचा दोन सेकंदांचा चेहरा सोन्यासारखा. सेकंदाला चोवीस फ्रेम. त्यातल्या आठ फ्रेम लवकर सोडल्या तर हशा गुदमरतो, आठ जास्त ठेवल्या तर प्रेक्षक पुढे निघून जातो. ज्या नटाचा चेहरा स्थिर राहतो, तो संकलकाला या आठ फ्रेमची मुभा देतो.

‘बॉम्बे टू गोवा’ पुन्हा लावा आणि एकदा तरी बोलणाऱ्याकडे अजिबात पाहू नका. मेहमूद चौफेर फटकेबाजी करत असताना नजर अमिताभवर ठेवा. तो दुसऱ्याचा हशा खात नाही. वयाच्या तिशीच्या आत, सिनेमे पडत असताना, समोर देशातला सगळ्यात लोकप्रिय विनोदी नट असताना, कुठल्याही नटाला वाटेल की आपणही काहीतरी करून दाखवावं. तो करत नाही. माझ्या मते ही शिकवून येणारी गोष्ट नाही. थोडी स्वभावात असते, थोडी समोरच्याबद्दलच्या आदरात.

आता त्या मारामारीकडे येतो, कारण तुमच्या वादाचा निकाल तिथे लागतो. अमिताभ बसलाय, तोंडात काहीतरी चघळतोय. शत्रुघ्न येतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून तयार होऊन आलेला, आवाजाने अर्धी लढाई जिंकणारा नट. अमिताभला फटका बसतो, तो पडतो, उठतो. आणि चघळणं चालूच आहे. एवढंच. त्याला ना वाक्य, ना डोळे वटारणं. जबडा त्याच लयीत हलतोय, जणू मधे काही घडलंच नाही.

सलीम-जावेद तेव्हा ‘जंजीर’साठी नायक शोधत होते. बडे बडे नकार देऊन बसले होते, कारण त्या इन्स्पेक्टरला ना धड प्रेम होतं ना गाणं. या पडून उठण्याने त्यांचं लक्ष वेधलं, हा किस्सा तेव्हापासून सिनेमाच्या गप्पांत फिरतोय आणि तुम्हीही ऐकला असेल. पण तो सांगणारे बहुतेक लोक त्याकडे मारामारीचा किस्सा म्हणून बघतात. मला तो विनोदाचा किस्सा वाटतो. मार खाल्लेल्या माणसाने चघळत राहावं, ही शुद्ध विनोदी हालचाल आहे. मूकपटांच्या काळात बस्टर कीटन हेच करायचा. घर कोसळलं तरी चेहरा ढिम्म. प्रेक्षक हसतो, कारण घटना केवढी आणि चेहरा केवढा, यांतलं अंतर त्याला दिसतं. तेच अंतर विनोदी सिनेमात हसवतं आणि १९७३च्या ‘जंजीर’मध्ये घाबरवतं. चेहरा तोच. आजूबाजूचं बदललं.

म्हणून मित्रांना सांगा की पुढच्या संतापी तरुणाचं बी एका विनोदी सिनेमात सापडलं, मेहमूदच्या कुशीत. ‘जंजीर’ला आरंभ मानून मागचं सगळं ‘उमेदवारीचा काळ’ म्हणून एका ओळीत उरकणाऱ्यांना हे गैरसोयीचं वाटतं. १९७५च्या ‘चुपके चुपके’ला लोक मोकळ्या मनाने दाद देतात, १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या आरशापुढच्या दारुड्याला तर डोक्यावर घेतात, कारण तोवर तो मोठा झाला होता. मोठ्या माणसाने केलेला विनोद हा त्याचा पैलू ठरतो आणि लहान माणसाने केलेला विनोद म्हणजे पोटापाण्याचं काम.

दुर्लक्ष व्हायचं आणखी एक कारण आहे, जरा कोरडं. फिल्मफेअरमध्ये त्या काळी विनोदी कामासाठी वेगळं पारितोषिक असायचं. नायकाचं वेगळं, विनोदी नटाचं वेगळं. या दोन खणांच्या मधे जो पडतो, म्हणजे विनोदी सिनेमातला समोरचा माणूस, त्याला कुठलाच खण नाही. मेहमूदला हशा मिळाला आणि श्रेयही मिळालं, ते योग्यच. पण चेंडू टाकणाऱ्याचं नाव धावफलकावर कुठे लिहायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

आता ‘देखा ना हाय रे सोचा ना’. आर. डी. बर्मनची चाल, राजेंद्र कृष्ण यांचे शब्द, किशोरकुमारचा उनाड गळा. आज या सिनेमाचं एवढंच गाणं सुटं होऊन फिरतं आणि त्यानेच सिनेमाचं नुकसान केलंय, असं माझं स्पष्ट मत आहे. लोकांना वाटतं, गाणं पाहिलं म्हणजे सिनेमा पाहिला. असो. गाण्याच्या चित्रीकरणाचा एक किस्सा मेहमूदच्या संदर्भात सांगितला जातो. अमिताभ नाचायला इतका बुजत होता की आपल्याला हे जमायचं नाही म्हणून रडकुंडीला आला. मेहमूदने युनिटमध्ये सगळ्यांना ताकीद दिली, तो कसाही नाचो, टेक संपला की टाळ्या वाजवायच्या. वाजल्या. आणि गडी खुलला.

किस्सा जसाच्या तसा घडला असेल का, यात मी पडत नाही. पडद्यावर मात्र जे दिसतं ते त्याला धरून आहे. बसच्या दोन रांगांमधली ती चिंचोळी वाट, बुटकं छत आणि त्यात हे लांबलचक हातपाय. नर्तकाला ही जागा म्हणजे शिक्षा. पण अवघडलेल्या माणसाला ती सोयीची असते, कारण जागाच नसल्याने फार काही करता येत नाही. मग खांद्यांनी, मनगटांनी, गुडघ्यांनी जेवढं जमेल तेवढं करायचं. पुढे ज्या हालचालींची गल्लोगल्ली नक्कल झाली त्या इथे अजून ओल्या आहेत, वाळलेल्या नाहीत. एखादं पाऊल चुकतं की काय असं वाटतं आणि ते चुकत नाही. मला त्याच्या पुढच्या सगळ्या सफाईदार नाचांपेक्षा हा जास्त आवडतो. यात शास्त्र काही नाही, निव्वळ आवड.

आवडीवरून तुमच्या दुसऱ्या शंकेकडे. वडिलांच्या शेजारी पाहिला म्हणून चांगला वाटतो का? हो, त्यामुळेही वाटतो. मग काय झालं? मी हा सिनेमा पहिल्यांदा गणपतीत पाहिला, रस्त्यावर बांधलेल्या पडद्यावर, आणि तोही मागच्या बाजूने, कारण पुढची बाजू मोठ्या पोरांनी संध्याकाळीच चटया टाकून अडवली होती. नावं उलटी, बसचं दार उलट्या बाजूला. डावखुरा अमिताभ मला कित्येक वर्षं उजवा वाटत होता. पुढे संकलनाच्या टेबलावर बसायला लागल्यावर सरळ बाजूने पाहिला तेव्हा चुकल्यासारखं झालं. तरी हशाच्या जागा त्याच होत्या. पडदा उलटा केला तरी टायमिंग उलटं होत नाही. जे केवळ आठवणीने गोड झालेलं असतं, ते असं तपासायला गेलं की विरघळतं. मी लहानपणी पाहिलेले कित्येक सिनेमे असे विरघळलेत, त्यांची नावं घेत नाही, कुणाच्या तरी वडिलांचे ते लाडके असतील.

तपासायची माझी पद्धत साधी आहे. एकदा आवाज बंद करून पाहायचं. विनोद फक्त संवादांत असेल तर तो लगेच मरतो. देहात असेल तर राहतो. ‘बॉम्बे टू गोवा’ आवाज बंद करून साधारण निम्मा जिवंत राहतो आणि हे चांगलं प्रमाण आहे, विश्वास ठेवा. मेहमूद राहतो. केश्टो राहतो, त्याला तर आवाज नकोच. भजीचं प्रकरण जसंच्या तसं राहतं. त्या जाड्या मुलाचं ते बांधलेलं तोंड आणि त्यावरचे ते डोळे! शब्दांचा तिथे उपयोगच नाही. आणि अमिताभ राहतो.

जे मरतं तेही प्रामाणिकपणे मान्य करा, नाहीतर मित्र तुमची तिथेच गठडी वळतील. खून आणि पैशांचा तो सगळा धागा रटाळ आहे. तो आला की बस थांबते, नुसती रस्त्यावर नाही, सिनेमातसुद्धा. सिनेमात काम करायचं स्वप्न पाहणाऱ्या मुलीवर कथा जे काही आणते त्यात ‘बघ, घर सोडलंस ना’ असा सूर आहे. सिनेमावाल्यांनीच तो लावावा ही गंमत त्या वेळी कुणाला खटकली नाही, आज खटकते. मुक्रीच्या मद्रासी कुटुंबाची थट्टा मी आज त्याच चालीवर कापली नसती. विनोद त्या पोराच्या भुकेत आहे, प्रांतात नाही. प्रांत काढून टाकला तरी हशा तेवढाच आला असता. आणि मधला एक भाग सरळ सैल आहे. प्रवासाच्या सिनेमाला हा रोगच असतो. प्रत्येक थांब्यावर एक प्रसंग हवा असं लेखकाला वाटतं आणि मग थांबे वाढत जातात. माझ्या हातात असता तर दोन थांबे गाळले असते. कोणते ते विचारू नका, भांडणं होतील.

पण एक थांबा मी कधीच गाळला नसता. तरुण उषा उथुप, तिचा तो जाड, घोगरा, त्या काळी नायिकेच्या तोंडी कधीच न ऐकलेला आवाज, आणि ती स्वतःच पडद्यावर. कथेला तिची काडीची गरज नाही. असल्या बिनगरजेच्या गोष्टी ज्या सिनेमात निर्धास्तपणे घातलेल्या असतात, तो सिनेमा करणारे लोक मजेत होते हे कळतं. किशोरकुमारही असाच येऊन जातो, किशोरकुमार म्हणूनच. मेहमूदच्या शब्दाखातर लोक बसमध्ये चढायचे, इतकंच त्याचं कारण.

आता मित्रांना काय दाखवायचं. सगळा सिनेमा पहिल्या दिवशी दाखवू नका. भजीपासून सुरू करा, म्हणजे ते हसून मोकळे होतील आणि ‘आम्ही म्हणतच होतो, मेहमूदच्या सिनेमात मजा आहे’ असं म्हणतील. म्हणू द्या. मग बसमधला मेहमूदचा कुठलाही मोठा तुकडा घ्या, जिथे अमिताभ चौकटीत आहे पण बोलत नाहीये. आधी काही सांगू नका. एकदा दाखवून झाला की मेहमूदवर हाताचा तळवा धरा, अगदी पडद्याला लावून, आणि तोच तुकडा पुन्हा लावा. हा आमचा जुना उद्योग आहे. नवीन मुलं आली की मी त्यांच्याकडून करून घेतो. हशा तळव्याखाली गेलेला असतो आणि तरी उरलेल्या अर्ध्या चौकटीत तो कुठून येतोय ते दिसत राहतं.

त्यानंतर मारामारी. चघळणारा जबडा. इथे थांबवा आणि लगेच ‘जंजीर’मधलं पोलीस ठाण्यातलं ते खुर्चीला लाथ मारण्याचं दृश्य लावा, प्राणसमोरचं. मधे एक शब्दही बोलू नका. लाथ मारण्याआधीचा चेहरा तेवढा बघा म्हणावं.

गाणं मात्र सगळ्यात शेवटी. आधी लावलंत तर पुढचं कुणी बघणार नाही. मी तीन वेगवेगळ्या मंडळींवर हा प्रयोग केलाय आणि तिन्ही वेळा रिमोट माझ्या हातातून गेला.